एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह, पॅप तपासणी नॉर्मल: वर्षभर थांबणे कितपत योग्य?

प्रश्न: अबोली

माझे वय ३८ आहे. मला कोणताही त्रास नाही, पाळी नियमित आहे. परंतु चाळिशीच्या आत एकदा गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, असे बरेच दिवस मनात असल्याने मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूच्या चाचणीच्या अहवालात तीन ओळी आहेत: एचपीव्ही १६ आढळला नाही, एचपीव्ही १८ आढळला नाही, आणि तिसऱ्या ओळीत ‘अन्य उच्च जोखमीचे प्रकार: आढळले’. सोबत केलेल्या पॅप तपासणीत मात्र सर्व पेशी नॉर्मल आहेत. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, वर्षभराने पुन्हा तपासणी करू, आत्ता कोणतेही औषध नको, असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. मला जे विचारायचे होते ते सारे बाहेर आल्यावर आठवले.

ज्या विषाणूमुळे कर्करोग होतो असे आपण सर्वत्र वाचतो, तो शरीरात असल्याचे कळूनही वर्षभर काहीच न करता बसणे ही निष्काळजी नव्हे का, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण खरे तर झोप त्यानेच उडवली आहे. हा संसर्ग शरीरसंबंधांतून होतो, असे अहवालासोबतच्या पत्रकात लिहिले आहे. लग्नाला बारा-तेरा वर्षे झाली असताना आता हा संसर्ग कुठून आला? यांनी ते पत्रक वाचले आणि काहीही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. त्यांचीही चाचणी करून घेतली तर उलगडा होईल का?

शिवाय घरात अकरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. मुलीला लस द्यावी का, मुलाला द्यावी का, आणि माझ्या वयाला, तेही आधीच संसर्ग झालेला असताना, लस घेऊन काही उपयोग आहे का? ज्यांना या विषयाची नीट माहिती आहे किंवा जे यातून गेले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: काचपट्टी

मी विकृतिशास्त्रज्ञ आहे आणि पॅप तपासणीच्या काचपट्ट्या वाचणे हे माझे रोजचे काम आहे. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्य आहे. फक्त त्यामागचे कारण सांगायला त्यांनी आणखी पाच मिनिटे द्यायला हवी होती.

तुमच्या दोन तपासण्या दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. एचपीव्ही चाचणी गर्भाशयमुखावरून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचा डीएनए आहे का, एवढेच पाहते. त्या विषाणूने पेशींचे काही बिघडवले आहे का, हे पॅप तपासणी पाहते. तुमच्या बाबतीत विषाणू आहे आणि पेशी बिघडलेल्या नाहीत. यातून पुढील काळातील जोखीम कळते. आज आजार आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. हातापायांवर चामखीळ आणणारे प्रकार वेगळे, जननेंद्रियांच्या भागात मस आणणारे ६ आणि ११ हे प्रकार वेगळे, आणि कर्करोगाशी संबंध असलेले डझनभर प्रकार वेगळे. या डझनभरांतही १६ आणि १८ हे दोन सर्वाधिक घातक असून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी तेच असतात. म्हणूनच प्रयोगशाळा त्यांची नोंद स्वतंत्र ओळीत करते. त्या दोहोंपैकी एक जरी आढळला असता, तरी पॅप नॉर्मल असूनही तुम्हाला बहुधा थेट कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहण्याच्या तपासणीसाठी पाठवले गेले असते.

आता वर्षभर थांबण्याविषयी. हा विषाणू नाजूक त्वचेवरील सूक्ष्म ओरखड्यांतून अगदी तळच्या थरातील पेशींपर्यंत पोहोचतो आणि तिथे मोजक्याच प्रतींच्या रूपाने राहतो. तळच्या पेशी विभागत, पक्व होत हळूहळू वर सरकतात, तशा त्याच्या प्रती वाढत जातात; शेवटी वरच्या थरातील जुन्या पेशी आपोआप गळून पडतात, तेव्हा त्यांच्यासोबत तोही बाहेर पडतो. या सगळ्या प्रवासात तो पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, सूज आणत नाही. त्यामुळे संसर्ग झालेल्या व्यक्तीला काहीही जाणवत नाही आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेलाही त्याचा सुगावा उशिरा लागतो. पण लागतो. दहापैकी सुमारे नऊ संसर्ग दोन वर्षांच्या आत चाचणीत सापडेनासे होतात, आणि तेही कोणत्याही औषधाविना.

जे उरतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवायचे असते. विषाणूची ई६ आणि ई७ नावाची दोन प्रथिने आहेत. पेशीत बिघाड झाल्यास तिचे विभाजन थांबवणारी पी५३ आणि आरबी ही आपली रक्षक प्रथिने या दोघांमुळे निकामी होतात. एरवी ई२ हे विषाणूचेच तिसरे प्रथिन त्यांना आवरून धरते. परंतु संसर्ग वर्षानुवर्षे टिकला आणि विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या डीएनएत घुसला, तर बहुधा नेमका ई२चा भाग मोडतो आणि त्या दोघांवरचा अंकुश सुटतो. गंमत अशी की विषाणूच्या दृष्टीनेही हा अपघातच असतो, कारण अशा पेशीतून पुढे नवे विषाणू तयार होत नाहीत. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये १६ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठीत शोधून काढला, तोपर्यंत बऱ्याच जणांचा संशय हर्पीसच्या विषाणूवर होता. त्सुर हाउझेन यांना या कामासाठी २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तळच्या थरातील संसर्गापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंतच्या वाटेला, प्रतिकारशक्ती चांगली असल्यास, साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्या स्त्रियांमध्ये हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो, आणि त्यामुळे त्यांच्या तपासणीचे वेळापत्रकही वेगळे असते. या मोजपट्टीवर एक वर्ष म्हणजे दिरंगाई नव्हे. आपोआप जाणारा संसर्ग आणि मुक्काम ठोकणारा संसर्ग यांतला फरक ओळखण्यासाठी मुद्दाम ठेवलेली ती मुदत आहे. वर्षभराने चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली, तर पॅप नॉर्मल असली तरी कॉल्पोस्कोपी करून घ्यावी. मधल्या काळात शरीरसंबंधानंतर रक्तस्राव होऊ लागला, दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसले किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाऊ लागला, तर मात्र वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नका.

राहिला प्रश्न ‘कुठून आला’ याचा. कोणतीही चाचणी संसर्गाची तारीख सांगू शकत नाही. शरीरसंबंध ठेवणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होतो आणि त्यांतील बहुतेकांना तो झाल्याचे कधीच कळत नाही. आज सापडलेला संसर्ग लग्नापूर्वी तुम्हा दोघांपैकी कुणालाही झालेला असू शकतो. तो वर्षानुवर्षे चाचणीत सापडणार नाही इतक्या कमी प्रमाणात राहून पुन्हा वर येऊ शकतो. तुम्ही याआधी कधी ही चाचणी केली नसेल, तर तो नवा आहे असे मानायलाही आधार नाही. पुरुषांसाठी एचपीव्हीची नियमित तपासणी म्हणून शिफारस केलेली चाचणी उपलब्ध नाही, आणि समजा कुठे करून घेतलीच, तरी पॉझिटिव्ह येवो वा निगेटिव्ह, त्यातून तुमच्या प्रश्नाचे उत्तर निघणार नाही. या अहवालावरून कुणाच्याही वर्तनाचा निवाडा करता येत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगेन. दोघांनी मिळून एकदा डॉक्टरांना भेटा. हेच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकले, की घरातील न बोललेले बरेचसे आपोआप निवळेल.

प्रतिसाद: रानजाई

अबोलीताई, मी याच वाटेवरून पुढे गेलेली आहे, म्हणून पुढचा टप्पा कसा असतो तेवढे लिहिते. तुमच्यावर तो येईलच असे नाही.

माझी दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आल्याने कॉल्पोस्कोपी झाली. नाव ऐकून मी फार घाबरले होते. प्रत्यक्षात नेहमीच्या आतील तपासणीप्रमाणेच झोपायचे असते. दुर्बीण शरीराबाहेरच राहते. डॉक्टरांनी आधी सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवलेला बोळा गर्भाशयमुखावर धरला. किंचित चुरचुरले. बाजूच्या पडद्यावर सगळा भाग गुलाबी दिसत होता. मिनिटभरात त्यातील एक कोपरा हळूहळू पांढरा पडत गेला आणि त्याची कड स्पष्ट उठून दिसू लागली. त्यानंतर आयोडीनचे द्रावण लावले, तेव्हा निरोगी भाग गडद तपकिरी झाला आणि तोच कोपरा पिवळट राहिला. तिथून त्यांनी दोन बारीक तुकडे तपासणीसाठी काढले. त्या क्षणी चिमटा बसल्यासारखे वाटले आणि पाळीच्या वेळी दुखते तशी कळ येऊन गेली, इतकेच.

बायोप्सीच्या अहवालात ‘सीआयएन ३’ असे होते. हा कर्करोग नव्हे. कर्करोगपूर्व बदलांच्या तीन पायऱ्यांपैकी ही सर्वांत वरची पायरी आहे. पहिल्या पायरीवर बहुधा उपचार करत नाहीत, कारण ते बदल बऱ्याचदा आपोआप मागे फिरतात. तिसऱ्या पायरीवर मात्र थांबत नाहीत. माझ्यावर ‘लीप’ ही प्रक्रिया झाली. जागा बधिर करून विजेच्या प्रवाहाने तापणाऱ्या तारेच्या फासाने बदललेला भाग काढून टाकतात. मी त्याच दिवशी घरी आले. नंतर काही दिवस पाण्यासारखा, काळपट स्राव जात होता. तो रक्त थांबवण्यासाठी लावलेल्या औषधामुळे असतो, हे आधी माहीत असते तर मी मध्यरात्री घाबरून उठले नसते. साधारण चार आठवडे शरीरसंबंध आणि पोहणे टाळायला सांगितले होते. बदललेला भाग लहान असेल, तर गोठवून किंवा उष्णतेने जाळूनही उपचार करता येतात.

पुढे मूल हवे असेल, तर ही गोष्ट उपचारांपूर्वीच डॉक्टरांना सांगावी. गर्भाशयमुखाचा खोलवर भाग काढावा लागल्यास पुढील बाळंतपण मुदतीआधी होण्याचा धोका काहीसा वाढतो, आणि त्यानुसार किती भाग काढायचा याचा विचार करता येतो.

एक तक्रार इथे नोंदवतेच. मी ज्या ठिकाणी अहवाल आणायला गेले, तिथल्या खिडकीवरील व्यक्तीने माझे नाव पुकारून, सगळ्यांदेखत, ‘ती लैंगिक आजाराची चाचणी तुमचीच ना?’ असे विचारले. मान खाली घालून मी अहवाल घेतला. अशा एका वाक्याने किती बायका पुन्हा तपासणीला फिरकत नसतील, याचा विचार तिथे कुणी केला असेल असे वाटत नाही.

प्रतिसाद: शंकासुर

चर्चा चांगली चालली आहे, परंतु लसीच्या बाबतीत काही शंका आहेत आणि त्या मी वादासाठी मांडत नाही. वर म्हटल्याप्रमाणे दहापैकी नऊ संसर्ग आपोआप जात असतील, तर उरलेल्या एकासाठी सर्वच मुलींना लस टोचण्याचे प्रयोजन काय? नियमित तपासणी पुरेशी नाही का? दुसरे म्हणजे, जपानसारख्या देशाने दुष्परिणामांच्या तक्रारींनंतर या लसीची शिफारस मागे घेतली होती, असे वाचल्याचे आठवते. आणि अकरा वर्षांच्या मुलीला शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या विषाणूची लस देण्याची इतकी घाई कशासाठी, हा प्रश्न अनेक पालकांच्या मनात असतो; तो विचारणारा प्रत्येक जण प्रतिगामी असतो, असेही समजू नये.

प्रतिसाद: बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. हे तिन्ही प्रश्न पालक मला नेहमी विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत.

नव्वद टक्के संसर्ग जातात हे खरे. पण संसर्गच इतके अफाट आहेत की उरलेल्या लहानशा वाट्यातून २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६,६०,००० स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि सुमारे ३,५०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. कोणाचा संसर्ग जाईल आणि कोणाचा राहील, हे आधी सांगता येत नाही. तपासणी आणि लस यांत एकाची निवड करायची नसून दोन्ही हव्यात. तपासणी झालेला बदल वेळेत पकडते, लस तो होऊच देत नाही. पण लस सर्वच प्रकारांविरुद्ध नसल्याने लस घेतलेल्या मुलींनाही पुढे योग्य वयात तपासणी करावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये आखलेल्या कार्यक्रमातही दोन्ही गोष्टी आहेत: २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत पूर्ण लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा खात्रीशीर चाचणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. यांपैकी मधला आकडा गाठणे सर्वांत अवघड जाईल, असे माझे मत आहे.

लसीत जिवंत किंवा मृत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचातील एल१ हे प्रथिन यीस्टसारख्या पेशींमध्ये तयार केले, की त्याचे कण आपोआप एकमेकांना जुळून विषाणूच्याच आकाराचा पोकळ गोळा बनतो. दाणा नसलेल्या शेंगेसारखा तो असतो: आत डीएनए नाही, त्यामुळे संसर्ग किंवा कर्करोग होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इयन फ्रेझर आणि जियान झोउ या दोघांनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९९१ मध्ये असे गोळे प्रयोगशाळेत तयार करून दाखवले आणि २००६ मध्ये पहिली लस वापरात आली. वर सांगितल्याप्रमाणे नैसर्गिक संसर्ग प्रतिकारयंत्रणेच्या नजरेआड राहतो, त्यामुळे तो होऊन गेल्यावर तयार होणारी प्रतिपिंडे तुटपुंजी असतात आणि अनेकांमध्ये तयारच होत नाहीत. दंडाच्या स्नायूत टोचलेली लस मात्र थेट त्या यंत्रणेसमोर जाते आणि प्रतिपिंडांचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक राहते. ‘होऊ द्या नैसर्गिक, तीच खरी प्रतिकारशक्ती’ हे म्हणणे या विषाणूच्या बाबतीत टिकत नाही.

वयाचे उत्तर यातच आहे. लस संसर्ग रोखते, झालेला संसर्ग घालवत नाही. म्हणून ती विषाणूशी गाठ पडण्याच्या बरीच आधी द्यायची असते. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर लसीला सर्वांत जोमदार प्रतिसाद देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या भूमिकेनुसार या वयोगटात एक किंवा दोन मात्रा पुरतात, २१ वर्षांवरील स्त्रियांसाठी दोन मात्रा सांगितल्या आहेत, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना किमान दोन, शक्य असल्यास तीन द्याव्यात असे म्हटले आहे. आपल्या देशाचे वेळापत्रक काय आहे, ते स्थानिक डॉक्टरांना विचारावे. लस दिल्यामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात का, याचाही अभ्यास झालेला आहे आणि तसे आढळलेले नाही. धनुर्वाताची लस दिली म्हणून कुणी गंजलेल्या खिळ्यावर मुद्दाम पाय देत नाही.

जपानविषयी आपल्याला आठवते ते बरोबर आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. जून २०१३ मध्ये तिथल्या सरकारने लसीची सक्रिय शिफारस थांबवली. लसीवर बंदी घातलेली नव्हती. त्या वेळी सुमारे ७० टक्के असलेले लसीकरण एक टक्क्याखाली घसरले. पुढे नागोया शहरात सुमारे ३०,००० तरुणींची पाहणी झाली, तेव्हा ज्या लक्षणांविषयी तक्रारी होत्या ती लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींमध्ये सारख्याच प्रमाणात आढळली. एप्रिल २०२२ पासून जपानने सक्रिय शिफारस पुन्हा सुरू केली. मधल्या वर्षांत लसीविना वाढलेल्या मुलींचे जे नुकसान झाले, ते मात्र भरून काढणे कठीण आहे. दंड दुखणे, थोडा ताप, डोकेदुखी हे परिणाम नेहमीचे आहेत. या वयातील मुलांना कोणत्याही इंजेक्शननंतर भोवळ येऊ शकते, म्हणून मी लस दिल्यावर पंधरा मिनिटे खुर्चीत बसवून ठेवतो आणि पालकांनी कितीही घाई केली तरी सोडत नाही. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, आणि तीही बहुधा याच पहिल्या काही मिनिटांत लक्षात येते.

परिणामांविषयी आता अंदाज बांधण्याची गरज उरलेली नाही. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये ही घट ८७ टक्के होती.

अबोलीताई, मुलीला लस अवश्य द्या. मुलालाही देता येते आणि द्यावी, असे माझे मत आहे. घशाचा मागचा भाग, गुदद्वार आणि शिश्न यांचे काही कर्करोग याच विषाणूमुळे होतात, आणि अमेरिकेत तर एचपीव्हीमुळे पुरुषांना होणारे घशाचे कर्करोग आज गर्भाशयमुखाच्या कर्करोगांहून संख्येने अधिक आहेत. पुरुषांसाठी नियमित तपासणी नसल्याने त्यांच्या बाबतीत लसीचे मोल उलट अधिकच ठरते. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. तुमच्यापुरते सांगायचे, तर आत्ताचा संसर्ग लसीने जाणार नाही. ज्या प्रकारांशी अजून गाठ पडलेली नाही त्यांपासून काही संरक्षण मिळू शकते, पण वयानुसार हा लाभ कमी होत जातो. अनेक ठिकाणी पंचेचाळिशीपर्यंत लस घेण्यास मान्यता आहे, तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. घरात पैसे एकाच लसीपुरते असतील, तर ती मुलीला द्या.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी हे सारे प्रतिसाद यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दोनदा वाचले आणि विचारले, ‘म्हणजे कदाचित माझ्याकडूनच आला असेल, आणि मला कधी कळणारही नाही?’ त्यानंतर आम्ही बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने बोललो. पुढच्या भेटीला ते सोबत येणार आहेत.

दोन-तीन व्यावहारिक शंका उरल्या आहेत. आता निरोध वापरावा का? टॉवेल, स्वच्छतागृह किंवा मुलांना जवळ घेणे यांतून त्यांना संसर्ग होईल का? आणि विषाणू ‘मुळापासून काढून टाकणाऱ्या’ कॅप्सूल व जेल यांच्या जाहिराती मला सतत दिसू लागल्या आहेत, त्यांत काही तथ्य आहे का?

प्रतिसाद: काचपट्टी

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. हा विषाणू शरीरातून काढून टाकणारे मान्यताप्राप्त औषध आज अस्तित्वात नाही. या जाहिराती चालतात त्या नव्वद टक्क्यांच्या जिवावर: संसर्ग आपोआप जाणारच असतो, श्रेय कॅप्सूल घेते. योनीमार्ग आतून धुण्याचे द्रावणही वापरू नका. त्याने तिथले हितकारक जिवाणू कमी होतात आणि लाभ काहीच होत नाही. तुमच्या हातात असलेली एक ठोस गोष्ट म्हणजे तंबाखूचा धूर. धूम्रपानामुळे संसर्ग टिकून राहण्याची आणि पेशींत बदल होण्याची शक्यता वाढते, तेव्हा स्वतः करत असाल तर थांबवा आणि घरात दुसरे कुणी करत असेल तर त्यांनाही थांबवा.

निरोधाने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही, कारण हा विषाणू त्वचेच्या स्पर्शातून पसरतो आणि निरोध तो सगळा भाग झाकत नाही. दीर्घकाळ एकत्र असलेल्या जोडीदारांमध्ये विषाणूची देवाणघेवाण बहुधा आधीच झालेली असते, म्हणून संबंध थांबवण्याचे कारण नाही. नियमित निरोध वापरणाऱ्या जोडप्यांमध्ये पेशींतील बदल अधिक लवकर मागे फिरल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे, तेव्हा वर्षभर वापरावासा वाटला तर जरूर वापरा. मुलांना जवळ घेणे, एका ताटात जेवणे, कपडे एकत्र धुणे यांविषयी मनात भीती बाळगू नका. गर्भाशयमुखावरील हे प्रकार अशा रोजच्या सहवासातून पसरतात, असा भरवशाचा पुरावा नाही.

पुढच्या तपासणीविषयी थोडेसे. पाळीचे दिवस टाळून वेळ घ्या, आणि आधीचे दोन दिवस शरीरसंबंध तसेच योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा मलम टाळा. रक्त किंवा मलमाने झाकलेली काचपट्टी वाचताना आमचे डोळे थकतात आणि बऱ्याचदा नमुना पुन्हा मागवावा लागतो. काही ठिकाणी एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःच घेता येतो आणि डीएनए शोधणाऱ्या चाचण्यांसाठी तो विश्वासार्ह ठरतो. तुमच्या बाबतीत मात्र सोबत पॅप तपासणीही करायची असल्याने नमुना डॉक्टरांनीच घेतलेला बरा. या वेळचा मूळ अहवाल जपून ठेवा आणि चाचणीचे नाव त्यावर नसेल तर प्रयोगशाळेकडून लिहून घ्या, म्हणजे पुढच्या अहवालात तोच गट पुन्हा आढळला की दुसराच, हे ताडून पाहता येईल. तो निगेटिव्ह आला, तरी नेहमीच्या दीर्घ अंतरावर जाण्यापूर्वी आणखी एखादी चाचणी हवी का, हे त्याच भेटीत विचारून तारीख ठरवून घ्या.